क्रिस्टिन लाव्हरान्सदात्तर

(१९२०–२२). प्रसिद्ध नॉर्वेजियन कादंबरीकर्त्री ⇨ सीग्री उनसेट (१८८२–१९४९) हिची मध्ययुगीन नॉर्वेच्या पार्श्वभूमीवरील त्रिखंडात्मक कादंबरी. क्रान्सेन (१९२०, म. शी. शिरोमाला), हूसफ्रू (१९२१, म. शी. गृहस्वामिनी) आणि कॉर्सेट (१९२२, म. शी. क्रूस) असे ह्या कादंबरीचे तीन खंड असून तिन्हींची मिळून पृष्ठसंख्या हजाराहून अधिक भरते. चौदाव्या शतकाच्या आरंभापासून १३४९ मधील प्लेगच्या महामारीपर्यंतचा, म्हणजे सु. पंचेचाळीस वर्षांचा काळ तीत आलेला आहे. एका स्त्रीचे बालपणापासून मृत्यूपर्यंतचे आयुष्य हा तिचा विषय. उनसेटला १९२८ चे साहित्याचे नोबेल पारितोषिक देण्यात आले, ते मुख्यतः उत्तर यूरोपातील मध्ययुगीन जीवनाच्या प्रभावी चित्रणाबद्दल. ह्या चित्रणात प्रस्तुत कादंबरीचा वाटा मोठा आहे. दीर्घ ऐतिहासिक कादंबरी वाचकाला नेमका कोणता आनंद देऊ शकते आणि तो देण्यासाठी तिला दीर्घ असावे का लागते, ह्या प्रश्नांच्या विवेचनात तिचा दाखला विशेष उपयुक्त ठरतो.

उनसेटचे वडील पुरातत्त्वज्ञ होते. घरातील प्राचीन वस्तू, सागा वाङ्मय आणि लोकगीते ह्यांच्या सहवासात तिचे बालपण गेले. १८९३ मध्ये वडिलांचे निधन झाल्यावर कुटुंबाला आर्थिक ओढगस्त सोसावी लागली. विद्यापीठीय शिक्षणाऐवजी तिने व्यापारी शिक्षण घेतले आणि क्रिस्तियानिया (सध्याचे ऑस्लो) येथील एका कचेरीत सु. दहा वर्षे नोकरी केली. ह्या काळात तिने लिहिलेली मध्ययुगावरील पहिली कादंबरी प्रकाशनासाठी स्वीकारली गेली नाही. त्यानंतर फ्रू मार्ता ऊली (१९०७) आणि येन्नी (१९११) ह्या समकालीन जीवनावरील कादंबऱ्यांमुळे तिला नाव मिळाले. तथापि मध्ययुगाची तिची ओढ कायम होती. राजा आर्थर आणि त्याचे सरदार ह्यांच्या कथांचे तिने केलेले पुनर्कथन १९१५ मध्ये प्रसिद्ध झाले. १९१९ मध्ये ती लिलहामर येथे राहावयास गेली आणि मुलांचा संसार सांभाळत तिने तेथेच ह्या कादंबरीचे लेखन पूर्ण केले. समकालीन स्त्रीच्या मनाचे विश्लेषण करण्यात मुरलेली लेखणी आणि मध्ययुगीन कायदे, चालीरीती व धर्माचार ह्यांचा दीर्घ व्यासंग ह्या दोहोंचा संयोग तीत झाला आहे.

कथानक : गुडब्रान्सडाल खोऱ्यातील यरुनगोर ह्या शेतवाडीचा मालक लाव्हरान्स ब्यर्गुल्फसन ह्याची क्रिस्टिन ही लाडकी कन्या. लाव्हरान्स हा धर्मनिष्ठ, न्यायी व मायाळू. त्याची पत्नी राग्नफ्रिड मात्र अबोल आणि खिन्न. क्रिस्टिनचा वाङ्‌निश्चय सिमॉन डारे ह्या सुस्वभावी तरुणाशी होतो. परंतु ऑस्लोमधील जोगिणींच्या मठात वर्षभरासाठी राहिली असता तिची एर्लेंड निकुलाउसन ह्या देखण्या, शूर पण बेजबाबदार सरदाराशी भेट होते. दुसऱ्याच्या विवाहित स्त्रीला घेऊन राहिल्याबद्दल एर्लेंड पूर्वी बहिष्कृत झालेला असून एलिने नावाच्या त्या स्त्रीपासून त्याला दोन अपत्येही आहेत. क्रिस्टिन त्याला सर्वस्व अर्पण करते. एलिनेच्या मृत्यूला ती दोघे नैतिक दृष्ट्या कारणीभूत होतात आणि त्या मृत्यूची खरी हकीकत दडवून ठेवतात. सिमॉन स्वतःहून बाजूला होतो, लाव्हरान्स नाइलाजाने संमती देतो आणि क्रिस्टिनचा विवाह थाटात साजरा होतो. कौमार्याचे चिन्ह म्हणून मोकळ्या केसांवर मिरवलेला वधूचा मुकुट धारण करताना ती गर्भवती असते, हे तिच्याखेरीज जवळजवळ कोणालाही ठाऊक नसते.

दुसऱ्या खंडात ट्रॉनहेमजवळील हुसाबी ह्या एर्लेंडच्या दुर्लक्षित वाड्याची ती स्वामिनी होते. पहिल्या पुत्राच्या जन्मानंतर त्याला पाठीशी बांधून ती निदारोस येथील संत ओलाफच्या समाधीपर्यंत अनवाणी चालत जाते आणि आपली सुवर्णाची शिरोमाला तेथे अर्पण करते. तिला एकामागून एक सात पुत्र होतात. राजा माग्नुस एरिक्सन ह्याच्याविरुद्धच्या कटात एर्लेंड सामील होतो. त्याच्याच एका परस्त्रीसंबंधातून कटाची पत्रे उघडकीस येतात; त्याचा छळ होतो, पण तो साथीदारांची नावे सांगत नाही. सिमॉनच्या प्रयत्नांमुळे त्याचा जीव वाचतो, मालमत्ता मात्र जप्त होते. तिसऱ्या खंडात हे कुटुंब यरुनगोर येथे परतते. सिमॉनने आता क्रिस्टिनच्या धाकट्या बहिणीशी विवाह केलेला असतो. जुनी शल्ये पुन्हा सलू लागतात. एका भांडणानंतर एर्लेंड डोंगरातील एकाकी वाडीवर निघून जातो. पुढे क्रिस्टिनच्या चारित्र्यावर आळ आल्याचे कळताच तो धावून येतो आणि तिच्या अब्रूसाठी झुंजताना मारला जातो. मुले आपापल्या वाटांनी जातात. उतारवयात क्रिस्टिन एका मठाचा आश्रय घेते आणि प्लेगच्या महामारीत रुग्णांची सेवा करीत असताना मरण पावते.

इतिहासाची हाताळणी : ऐतिहासिक कादंबरीचा आरंभ बहुधा एखाद्या लढाईने, राजसभेने किंवा वाटेवरच्या घोडेस्वाराने होतो. ही कादंबरी सुरू होते, ती एका वारसावाटणीने. राग्नफ्रिडच्या पित्याच्या मृत्यूनंतर १३०६ मध्ये जमिनीची वाटणी झाली आणि तिचा कोणता हिस्सा कोणाकडे गेला, हे वाचकाला पहिल्याच परिच्छेदात सांगितले जाते. आरंभी रूक्ष वाटणारी ही माहिती सबंध कादंबरीचा पाया आहे. जमीन, कुळ आणि कायदा ह्या तीन गोष्टींनी येथील प्रत्येक व्यक्तीचे जीवन बांधलेले आहे. माग्नुस लागाबोटे ह्या राजाने १२७४ मध्ये प्रवर्तित केलेली देशव्यापी कायदेसंहिता, वडिलोपार्जित भूमीवरील कुळाचा हक्क, हुंडा व पतीकडून मिळणारी भेट, विवाहाच्या वैधतेसाठी चर्चला अभिप्रेत असलेली वधूची संमती आणि कुळाला अभिप्रेत असलेला घराण्याघराण्यांमधील करार ह्यांचे तपशील कथेत पदोपदी येतात. ते माहिती पुरविण्यासाठी आलेले नाहीत. क्रिस्टिनच्या प्रेमकथेतील संघर्षच मुळी संमती आणि करार ह्यांच्यातील अंतरातून निर्माण झाला आहे.

कालगणनेची पद्धतही ह्याच दृष्टीने लक्षणीय आहे. आरंभीचा उल्लेख सोडल्यास कादंबरीत वर्षांचे आकडे क्वचितच येतात. घटना संतांच्या सणांवरून आणि शेतीच्या हंगामांवरून ओळखल्या जातात : अमुक गोष्ट २९ जुलैच्या संत ओलाफच्या उत्सवापूर्वी घडली, तमुक सुगीनंतर किंवा उपवासाच्या पर्वात. शे-दीडशे पृष्ठे वाचून झाल्यावर वाचकही नकळत ह्या पंचांगाने चालू लागतो. कणग्यांतील धान्य किती उरले आहे, गुरांना चारा पुरेल की नाही, डोंगरावरील कुरणातून जनावरे केव्हा खाली आणावयाची, ह्या चिंता त्याच्याही चिंता होतात. राजकीय इतिहास मात्र दूरवरून ऐकू येतो. पाचव्या हॉकन राजाचा १३१९ मधील मृत्यू, तीन वर्षांच्या माग्नुसच्या नावे नॉर्वे आणि स्वीडन ह्यांची राजसत्ता एकत्र येणे, अल्पवयीन राजाच्या काळातील कारभारी एर्लिंग विदकुनसन ह्यांसारख्या घटना व व्यक्ती ऐतिहासिक आहेत. परंतु त्यांना कादंबरीत तेवढेच स्थान आहे, जेवढे गुडब्रान्सडालमधील एखाद्या गृहिणीच्या आयुष्यात असू शकते. ज्ञात राजपुरुष आणि सेनानी ह्यांना केंद्रस्थानी ठेवणाऱ्या मराठी ऐतिहासिक कादंबरीशी परिचित असलेल्या वाचकाला हा बदल आरंभी चमत्कारिक वाटण्याची शक्यता आहे.

दीर्घत्वाचे प्रयोजन : ह्या कादंबरीचा विस्तार घटनांच्या विपुलतेमुळे झालेला नाही. कृती आणि तिचे फळ ह्यांमध्ये प्रत्यक्ष जीवनात जे अंतर असते, ते वाचकाला अनुभवता यावे, ह्यासाठी तो आवश्यक झाला आहे. सतराव्या वर्षी केलेली फसवणूक क्रिस्टिनला चाळिसाव्या वर्षी वेगळ्या रूपात भेटते. पहिल्या खंडाच्या अखेरीस, मुलीच्या विवाहाच्या रात्री, राग्नफ्रिड पतीला आपले जुने गुपित सांगते : त्याच्याशी विवाह होण्यापूर्वी तिचाही दुसऱ्या पुरुषाशी संबंध आलेला होता. तिच्या अबोलपणाचा अर्थ वाचकाला तेव्हा उमगतो आणि मागील तीनशे पृष्ठे त्याच्या मनात नव्याने उलगडतात. तिसऱ्या खंडात क्रिस्टिनचा मुलगा गाउते हा योफ्रिड नावाच्या मुलीला तिच्या वडिलांच्या संमतीवाचून घरी घेऊन येतो. विवाह झालेला नसताना तिला मूल होते. एकेकाळी आपण आईवडिलांना जे भोगावयास लावले, तेच आता सासू म्हणून क्रिस्टिनच्या वाट्याला येते. लेखिका ह्या साम्यावर बोट ठेवीत नाही. वाचकाने क्रिस्टिनबरोबर इतकी वर्षे काढलेली असतात, की ते त्याला आपोआप आठवते.

स्मरणाचा हा आनंद आखूड कादंबरीत मिळणे कठीण असते. वाचकाने लाव्हरान्सच्या खांद्यावर बसलेली सात वर्षांची क्रिस्टिन पाहिलेली असते. डोंगरातील ओढ्यापलीकडे सोनेरी फुलांची माळ पुढे करून खुणावणारी वनदेवता तिला दिसली, तेव्हाची तिची भीती त्याला ठाऊक असते. पुढे मुकुट, शिरोमाला, संतचरणी अर्पण केलेले सुवर्ण अशा रूपांनी ती माळ पुन्हापुन्हा येते. प्रत्येक वेळी तिचा अर्थ बदलतो. लाव्हरान्सच्या मृत्यूचे प्रकरण वाचताना होणारी हळहळ ही अशीच साठत आलेली असते. तो मनुष्य थोर होता, असे सांगून ती निर्माण करता आली नसती. तिसऱ्या खंडाच्या मधल्या भागाला उनसेटने ‘ऋणको’ ह्या अर्थाचे शीर्षक दिले आहे. माणसे एकमेकांची किती देणेकरी असतात आणि ती देणी फिटण्यास किती काळ लागतो, हा कादंबरीचा एक मूलभूत विषय आहे. सिमॉनची व्यक्तिरेखा त्याचे उत्तम उदाहरण होय. ज्या स्त्रीने आपल्याला नाकारले, तिच्या पतीचे प्राण वाचविणारा हा पुरुष स्वतःच्या औदार्याखाली दबून जातो. उपकार करणाऱ्यालाही त्याची किंमत मोजावी लागते.

मानवी मन आणि काळ : चालीरीती आणि समजुती बदलत जातात, मानवी हृदय मात्र बदलत नाही, अशा आशयाचा विचार उनसेटने आर्थरकथांच्या संदर्भात मांडला होता. ह्या कादंबरीच्या अनेक चाहत्यांनी तोच तिच्या यशाचा खुलासा मानला आहे. क्रिस्टिन आपल्या ओळखीची वाटते, म्हणून ती आवडते, असा त्यांचा अभिप्राय. ह्यात तथ्य आहे; पण ते अर्धे आहे. आई, पत्नी, कन्या म्हणून क्रिस्टिनच्या भावना परिचित असल्या, तरी त्यांना आकार देणारे सर्व काही अपरिचित आहे. एर्लेंड दूर राहत असताना झालेल्या आठव्या मुलाचे नाव ती एर्लेंड असेच ठेवते. हयात पित्याचे नाव मुलाला न देण्याच्या तत्कालीन रूढीमुळे ह्या नामकरणाचा अर्थ भयंकर होतो : पत्नीने पतीला मृत मानले आहे. आधुनिक पत्नीचा राग कदाचित तेवढाच तीव्र असू शकेल, परंतु त्याला हे शस्त्र उपलब्ध नसते. क्रिस्टिनचा पश्चात्तापही असाच आहे. तो केवळ मनःस्थिती नाही. त्यासाठी चालावयाचे मैल ठरलेले आहेत, अनवाणी पाय ठरलेले आहेत, अर्पण करावयाची वस्तू ठरलेली आहे. हृदय तेच असेलही, पण रूढी हे त्यावरून बदलता येणारे वस्त्र नाही. ते हृदय रूढीच्या भाषेतच विचार करते, असे ही कादंबरी दाखविते. लेखिकेच्या सिद्धांतापेक्षा तिची कलाकृती अधिक जाणती आहे, असे म्हणावे लागते. ओळखीचे आणि अनोळखी ह्यांचा हा सततचा ताण हेच ह्या कादंबरीच्या आस्वादाचे मर्म होय.

मध्ययुगावरील इतर विख्यात कादंबऱ्यांच्या तुलनेत ही गोष्ट अधिक स्पष्ट होते. ⇨ सर वॉल्टर स्कॉट (१७७१–१८३२) ह्याच्या आयव्हॅन्होमधील (१८१९) बाराव्या शतकातील इंग्लंड हे शस्त्रस्पर्धा, वेढे आणि वेषांतरे ह्यांनी गजबजलेले आहे. त्यातील आनंद दृश्याचा आणि साहसाचा आहे. इटालियन लेखक ऊंबेर्तो एको (१९३२–२०१६) ह्याच्या इल नोमे देल्ला रोझा (१९८०, म. शी. गुलाबाचे नाव) ह्या कादंबरीचा काळ १३२७ हा आहे, म्हणजे त्या वर्षी क्रिस्टिन हुसाबी येथे मुले वाढवीत असावी. एकोचे मध्ययुग ग्रंथालयात आणि धार्मिक वादविवादांत घडते. त्यातील आनंद प्रामुख्याने बुद्धीचा आहे. उनसेटचे मध्ययुग शेत, स्वयंपाकघर, बाळंतिणीची खोली आणि गावचे चर्च येथे घडते. तेथे वाचक प्रेक्षक किंवा शोधक न राहता रहिवासी होतो. तिन्ही मार्ग आपापल्या परीने सार्थ आहेत. परंतु रहिवासी होण्यास सर्वांत अधिक वेळ लागतो आणि म्हणूनच उनसेटच्या मार्गाला दीर्घत्व अपरिहार्य ठरते.

धर्मभावना : उनसेटने १९२४ मध्ये कॅथलिक पंथ स्वीकारला. त्यामुळे तिची ही कादंबरी म्हणजे पंथप्रचाराची कथा होय, असा समज होण्याचा संभव असतो. कादंबरी त्यापूर्वी दोन वर्षे पूर्ण झालेली होती, हे येथे लक्षात घ्यावयास हवे. तीत साधू एडविनसारखे निर्मळ धर्मपुरुष आहेत, त्याचप्रमाणे संकुचित वृत्तीचे धर्माधिकारीही आहेत. खालच्या थरात जुन्या, ख्रिस्तपूर्व समजुती जिवंत आहेत आणि संकटकाळी त्या उफाळून येतात. अखेरच्या भागात महामारी शांत व्हावी म्हणून काही माणसे एका अनाथप्राय मुलाला जिवंत पुरावयास निघतात. क्रिस्टिन त्यांना रोखते आणि त्या मुलाच्या आईचे टाकून दिलेले प्रेत स्वतः आणावयास जाते. ह्याच कृत्यात तिला रोगाची लागण होते. मृत्युशय्येवर ती पित्याने दिलेला क्रूस आणि आपली विवाहमुद्रिका त्या मृत स्त्रीसाठी प्रार्थना व्हाव्यात म्हणून देऊन टाकते. मुद्रिका निघून गेल्यावर बोटावर मेरीच्या नावाचे आद्याक्षर उमटलेले तिला दिसते. ज्या विवाहाला ती आजन्म आपले पाप मानीत आली, त्याच विवाहाच्या खुणेत तिला कृपेचे चिन्ह दिसावे, ह्यात कादंबरीचा निष्कर्ष साठवलेला आहे. ईश्वराविरुद्ध सतत हट्ट करीत असतानाही आपण त्याच्या सेवेतच होतो, अशी जाणीव तिला होते. ह्या जाणिवेशी सहमत होण्यासाठी वाचकाने कॅथलिक असण्याची किंवा श्रद्धावान असण्याचीही आवश्यकता नाही. क्रिस्टिनच्या आयुष्याचा जो ताळेबंद त्याने स्वतः ठेवला आहे, तो येथे जुळतो एवढे त्याला पुरते.

मर्यादा : कादंबरीत उणिवाही आहेत. दुसऱ्या खंडातील कटाचा भाग नॉर्वेजियन इतिहासाशी अपरिचित असलेल्या वाचकाला गुंतागुंतीचा वाटतो. नातेसंबंधांची आणि गावांची नावे लक्षात ठेवताना त्याची दमछाक होते. क्रिस्टिनची अपराधभावना काही ठिकाणी तीच ती होऊन येते आणि तिच्या चिंतनाचे लांबलेले परिच्छेद कथेची गती मंदावतात. एर्लेंडविषयी ती मनात धरून ठेवीत असलेली अढी कित्येकदा वाचकाचा संयम पाहते. अर्थात ही शेवटची तक्रार नायिकेविरुद्धची आहे की लेखिकेविरुद्धची, हे ठरविणे कठीण आहे. कारण आईची माया आणि गृहिणीची कर्तबगारी ह्यांच्या आड दडलेला क्रिस्टिनचा ताठा लेखिकेला दाखवावयाचाच आहे. चौदाव्या शतकातील शेतकरी-जमीनदाराच्या मनात पापपुण्याचा इतका सूक्ष्म विचार चालत असेल का, अशी शंकाही घेता येते. मनोविश्लेषणाची रीत विसाव्या शतकातील आहे, हे मान्य करावेच लागते. तथापि ही रीत विश्लेषणापुरतीच मर्यादित राहते. क्रिस्टिन आपल्या काळाच्या पुढे जाऊन विचार करणारी, आधुनिक मतांची बंडखोर स्त्री होत नाही. ती बंड करते ते पित्याच्या इच्छेविरुद्ध. परंतु ज्या कायद्याने आणि धर्माने ती अपराधी ठरते, त्यांची सत्ता तिला मनोमन मान्य असते. मध्ययुगीन नायिकेच्या तोंडी आजचे विचार घालून वाचकाची सहानुभूती मिळविण्याचा सोपा मार्ग उनसेटने टाळला आहे.

भाषा, भाषांतरे आणि चित्रपट : मूळ नॉर्वेजियन गद्य साधे व ठाशीव असून जुन्या शब्दकळेची आणि सागा वाङ्मयाची हलकी छटा त्याला आहे. चार्ल्स आर्चर आणि जे. एस. स्कॉट ह्यांचे इंग्रजी भाषांतर १९२३ ते १९२७ ह्या काळात प्रसिद्ध झाले. त्यामुळे ही कादंबरी इंग्रजी वाचकवर्गात पोहोचली. परंतु भाषांतरकारांनी वापरलेल्या कृत्रिम आर्ष भाषेमुळे मूळ संवादांतील सहजता झाकोळली आणि काही मजकूर गाळलाही गेला. टीना ननली हिने केलेले नवे इंग्रजी भाषांतर (१९९७–२०००) संपूर्ण असून सरळ आणि प्रसन्न भाषेत आहे. दोन्ही भाषांतरे ताडून पाहिल्यास जुन्या काळाचा भास शब्दांच्या जुनेपणाने निर्माण करावा की व्यक्तींच्या वर्तनातून, ह्या वादाचा निकाल दुसऱ्या बाजूने लागतो. लिव्ह उलमान ह्या अभिनेत्रीने पहिल्या खंडावर आधारित चित्रपट १९९५ मध्ये दिग्दर्शित केला. चित्रपटाचे कथानक विवाहापाशी संपणे स्वाभाविक असले, तरी त्यामुळे पित्याच्या विरोधावर मात करणाऱ्या प्रेमिकांची कहाणी असा कादंबरीचा अर्थ होण्याचा धोका निर्माण होतो. केवळ पहिला खंड वाचून थांबणाऱ्या वाचकाच्या बाबतीतही हेच घडते. चित्रपटासाठी सेल येथे उभारलेल्या मध्ययुगीन धर्तीच्या शेतवाडीचे पुढे अभ्यागतांसाठीच्या केंद्रात रूपांतर करण्यात आले.

उनसेटने पुढे उलाव्ह आउदुन्सनच्या जीवनावरील कादंबरी (१९२५–२७) लिहून मध्ययुगाचा आणखी एक दीर्घ पट उभा केला. मात्र लोकप्रियता लाभली, ती क्रिस्टिनलाच. ह्या कादंबरीचे वाचन हे काही आठवड्यांचे काम आहे आणि ते तसेच व्हावयास हवे. घाईने वाचल्यास तीतून केवळ प्रेम, कट आणि मृत्यू ह्यांची कथा हाती येते. सणावारांच्या आणि हंगामांच्या गतीने वाचल्यास मात्र, जे आपले नाही अशा एका काळातील कर्तव्ये आणि भये आपल्याला आतून समजली, असा विरळा प्रत्यय येतो. अखेरच्या पृष्ठावर एक स्त्री मरण पावते. तिच्याबरोबर यरुनगोरचे अंगण, लाव्हरान्सचा हात आणि डोंगरातील ती सोनेरी माळ ह्यांची आठवण ठेवणारे कादंबरीतील अखेरचे माणूसही जाते. त्यानंतर ती आठवण केवळ वाचकापाशी उरते. दीर्घ ऐतिहासिक कादंबरीने साधावयाची सर्वांत मोठी गोष्ट कदाचित हीच होय.